दोरी, खिळा आणि कडी

होडीत सगळ्यात आधी हार खातो तो सांधा. फळी सहसा मधोमध मोडत नाही, ती शेजारच्या फळीपासून सुटते. सुकाणूचे पाते शाबूत राहते आणि त्याची बिजागरी झिजते. आजच्या फायबरच्या बोटीत खणाचे झाकण वर्षानुवर्षे तसेच असते, पण ते बंद ठेवणारी बोटभर लांबीची कडी थोड्याच हंगामांत हातात येते. समुद्रात दोन वस्तू एकमेकींना धरून कशा ठेवायच्या, हा नौकाबांधणीतला जुना प्रश्न आहे. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो: जे धरून ठेवले ते सुटले, तर ते पुन्हा कोण बसवणार आणि कुठे? नौकांच्या इतिहासात या दुसऱ्या प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. दोरी, खिळा आणि कडी यांतून निवड मात्र बऱ्याचदा त्यानेच केलेली दिसते.

अरबी समुद्रात हे काम कित्येक शतके दोरीने झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वाटाड्या ग्रंथात ओमानकडच्या शिवलेल्या नावांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजे पाहिली आणि त्यांत बसणे धोक्याचे आहे असे लिहून ठेवले. कोकण, गोवा, केरळ, लक्षद्वीप आणि पूर्वेला कोरोमंडलचा किनारा या सगळीकडे फळ्या शिवण्याची रीत होती. दक्षिण कोकणात आणि गोव्यात रापणीच्या होड्यांनी ती अगदी अलीकडपर्यंत टिकवली.

शिवायचे म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. दोन फळ्यांच्या कडा रंधून, घासून एकमेकींना चिकटतील अशा केल्या जात. मग दोन्ही कडांलगत ठरावीक अंतरावर भोके पाडली जात. सांध्यावर आतल्या बाजूने काथ्याची किंवा गवताची जाड वळी ठेवून सुंभ या भोकातून त्या भोकात, आडवा-तिरपा, ओढून घेतला जाई. या कामाला दोन माणसे लागत, एक आत आणि एक बाहेर. आतला दोरी ओढून धरी आणि बाहेरचा लाकडी दांड्याने तिला पीळ देऊन ताण आणी. टाका पक्का झाला की भोकात काथ्याचा बोळा ठोकून वर राळ आणि तेलाचे मिश्रण भरले जाई. तेल माशाचे, उंडीच्या बियांचे किंवा काजूच्या टरफलांचे, जिथे जे मिळे ते. खारे पाणी सुताची दोरी लवकर कुजवते. नारळाचा काथ्या मात्र मुळात खाडीच्या पाण्यात कुजत घालूनच सोडवलेला असतो, त्यामुळे त्या पाण्याचे त्याला फारसे वाटत नाही.

लोखंड का वापरले नाही, यावर जुन्या लोकांनी बरेच तर्क लढवले. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या ग्रंथात समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत असे सांगितले आहे, कारण समुद्रातले चुंबकी खडक ती नौका ओढून घेतील. ही चुंबकी डोंगराची कथा पश्चिमेकडेही पसरली होती. सहाव्या शतकातल्या प्रोकोपियस या बायझंटाइन इतिहासकाराने ती खोडून काढली आणि हिंदी लोकांकडे लोखंडच नाही, असे आपले कारण दिले. ते कथेइतकेच चुकीचे आहे. ‘पेरिप्लस’मध्येच आरियाके प्रदेशातून, म्हणजे साधारण गुजरात आणि त्याला लागून असलेल्या किनारपट्टीतून, लोखंड आणि पोलाद तांबड्या समुद्राकडे जात असल्याची नोंद आहे. जो देश पोलाद निर्यात करतो त्याला खिळे महाग पडले असे म्हणणे पटत नाही.

खरे कारण किनाऱ्यात शोधायला हवे. पश्चिम किनाऱ्यावर होडी रोज वाळूवर ओढावी लागे. लाटेबरोबर ती आपटे, वळे, पिळवटे. खिळ्याने जोडलेली फळी अशा पिळात खिळ्यापाशी चिरते. शिवलेली फळी थोडी हलते आणि पुन्हा जागेवर येते. चौदाव्या शतकातल्या इब्न बतूताने हेच लिहिले आहे: खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले की फुटते, दोरीने शिवलेले लवते आणि वाचते. मद्रासला तर बंदरच नव्हते. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे बंदर बांधले जाईपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीचा माल आणि गोरे प्रवासी फुटणाऱ्या लाटांमधून काठाला आणण्याचे काम शिवलेल्या मसुला नावांनी केले. कंपनीच्या जहाजांवरच्या मजबूत, खिळे मारलेल्या होड्यांचा त्या लाटांत निभाव लागत नसे.

दुरुस्तीचा हिशेबही दोरीच्या बाजूने होता. टाका सुटला तर तो घालायला लोहार लागत नाही, भट्टी लागत नाही. सुंभ घरच्या माडाचा आणि हात घरचेच. काही हंगामांनी सगळी होडी उसवून, फळ्या वाळवून, कुजलेली बदलून पुन्हा शिवून काढता येई. अशा होडीत पाणी मात्र सतत झिरपे आणि ते उपसायला एक माणूस बसवूनच ठेवावा लागे. मार्को पोलोची तक्रार तेवढ्यापुरती खरी होती.

ही विद्या अलीकडे सरकारी कामातही परतली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या नौकेवरून गोव्यात शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज मे 2025 मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले. त्याच्या फळ्या केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. त्या हातांना हे काम पुस्तकातून शिकावे लागले नाही, ही त्यातली मोलाची गोष्ट.

खिळ्याने दोरीला मागे सारले ते मुख्यतः तोफेमुळे. तोफेचा धक्का आणि वजन शिवलेल्या सांध्याला पेलत नाही. पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला आले ते खिळे मारलेली, फटी ठोकून बुजवलेली जहाजे घेऊन, आणि पुढच्या शतकात किनाऱ्यावरच्या मोठ्या नौकांची बांधणी झपाट्याने बदलली. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1657 नंतर कल्याण, भिवंडी आणि पनवेल भागात आरमार बांधायला घेतले, तेव्हा रुय लैतांव व्हिएगश या पोर्तुगीज कारागिराला कामाला लावल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत सापडते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने पुढे त्याला आणि त्याच्या माणसांना फूस लावून परत नेले. तोवर काम पाहणाऱ्या इथल्या सुतारांना जे शिकायचे ते शिकून झाले असावे, कारण बांधणी काही थांबली नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात लाकडाचा विचार बारकाईने केलेला आहे. सागवानासारखी झाडे परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाचे लाकूडही कामाचे असले, तरी रयतेने लेकरांसारखी वाढवलेली ती झाडे रयतेच्या इच्छेविरुद्ध तोडू नयेत. पावसाळ्याआधी आरमार ओढून सुरक्षित जागी छावणीला ठेवावे, असेही त्यात सांगितले आहे. वर्षातले चार महिने होडी जमिनीवर राहणार, हे या किनाऱ्यावरच्या दुरुस्तीचे वेळापत्रकच होते. आगोटीला होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि उघडीप मिळेल तशी त्यांची कामे काढायची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत ती उरकलेली असत.

सागवानाचा आणि खिळ्याचा संबंध निव्वळ मजबुतीचा नाही. युरोपात जहाजे ओकच्या लाकडाची असत. ओकमध्ये आम्ल असते आणि ते लोखंडी खिळा आतल्या आत खाते. खिळ्याभोवती काळा डाग पसरतो, लाकूड मऊ पडते आणि खिळा ढिला होऊन बसतो. सागवानात तेल असते, ते लोखंडाला धरून राहते. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या जहाजांच्या टिकाऊपणाचे हे एक मोठे कारण. सुरतेहून 1736 च्या सुमारास मुंबईत आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने ही गोदी चालवली. त्याच घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगते आहे. सुरत-मुंबईच्या सुतारांनी फळ्यांच्या कडांना खाचा पाडून एक फळी दुसरीत बसवण्याची आणि मध्ये कापूस व राळ घालण्याची रीत सोडली नव्हती. त्या सांध्यात पाणी शिरत नाही, याचे 18व्या शतकात सुरतेला आलेल्या युरोपीय प्रवाशांना नवल वाटे. खिळा मारतानाही माथ्याखाली तेलात भिजवलेला सुताचा किंवा काथ्याचा वेढा देण्याची पद्धत अरबी समुद्राच्या दोन्ही काठांना होती. खिळा धरून ठेवी आणि भोकातून येणारे पाणी तो वेढा अडवी. दोरी गेली, पण पुरती गेली नाही.

लाकूड पोखरणारे किडे हा गरम समुद्रातला दुसरा शत्रू. त्यांच्यावर इथला उपाय चुन्याचा होता. होडी वाळूवर कलती करून तळ खरवडायचा, गवत पेटवून शेकायचा आणि चुना व चरबी किंवा तेल यांचा लेप द्यायचा. ब्रिटिश नौदलाने मात्र तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला, आणि त्यातून सांध्यांच्या इतिहासातला सर्वांत महागडा धडा निघाला. 1761 मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे मारले. ती वेस्ट इंडीजला जाऊन आली आणि 1763 मध्ये तिची पाहणी झाली. पत्रे ठीक होते, किडे लागलेले नव्हते. पण पत्र्याखालचे लोखंडी खिळे कुजून त्यांचा चिखल झाला होता. काही खिळे तेवढे धडधाकट निघाले, आणि त्याचे कारण साधे होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता. जिथे कागद होता, तिथे तांबे आणि लोखंड एकमेकांना शिवले नव्हते.

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू भिडले की त्यांची विजेची घटमाला होते आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातू विरघळू लागतो, हे शास्त्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. व्होल्टाची बॅटरी यायला आणखी सुमारे चाळीस वर्षे होती. तरी कागदाच्या थराचे काम पाहणी करणाऱ्यांच्या ध्यानात आले आणि तांबे व लोखंड थेट भिडू देऊ नयेत, असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला. तरीही पुढे तांब्याचे पत्रे सरसकट लागले आणि लोखंडी खिळे-बोल्ट झिजून जहाजे धोक्यात आली. 1780 च्या दशकात तळाचे बोल्ट तांब्याच्या मिश्रधातूचे करून नौदलाला हे निस्तरावे लागले. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने उलटा उपाय काढला. तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे मुद्दाम लावायचे, म्हणजे झीज त्यांची होते आणि तांबे वाचते. तांबे खरोखर वाचलेही, पण ते विरघळायचे थांबल्यामुळे त्याचे विषही पाण्यात उतरेना आणि तळाला शेवाळ व शिंपले माजले. नौदलाने तो नाद तेव्हा सोडला. आज इंजिनाच्या बोटींना पंख्याजवळ जस्ताचा जो गोळा लावतात, तो डेव्हीचाच.

खण, म्हणजे बोटीच्या पोटातला बंदिस्त कप्पा, ही मूळची चिनी रीत. चिनी जहाजांच्या पोटात आडव्या भिंती घालून अनेक खण पाडलेले असतात, एका खणात पाणी शिरले तर बाकीचे वाचतात, हे मार्को पोलोने सांगितले होते. चीनमधल्या च्वानचौ बंदराजवळ 1974 मध्ये तेराव्या शतकातले एक जहाज उकरून काढले, त्यात असे तेरा खण निघाले. अरबी समुद्रावरच्या लहान नावा मात्र उघड्याच राहिल्या. मचव्यात किंवा होडीत तळाच्या फळ्या सुट्या असत आणि त्या उचलून पाणी उपसले जाई. जाळे, भाकरीचे गाठोडे आणि पाण्याचा गडू नाळेजवळच्या फळीखाली राही. बंद करण्यासारखे काही नव्हते, म्हणून कडीही नव्हती.

कडी आली ती इंजिनाबरोबर. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून मासेमारी नौकांना यंत्र बसवण्यासाठी सरकारी मदत सुरू झाली. इंजिन आले की त्याला खोली हवी, डिझेलला टाकी हवी आणि लांब जाता येऊ लागल्यावर बर्फाला खण हवा. डेकला चौकोनी तोंडे पडली आणि त्यांवर झाकणे बसली. सुरुवातीला ही झाकणे लाकडी, जड आणि आपल्या वजनानेच बसणारी होती. फार तर घराच्या दाराला असतो तसा कडी-कोयंडा. मग फायबर-ग्लास आला. अमेरिकेत 1940 च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत भारतीय किनाऱ्यावर पुढच्या तीन-चार दशकांत रुजली. फायबरची बोट हलकी असते, आणि ती बुडू नये म्हणून तिच्या पोटात हवेचे किंवा फोमचे बंद खण ठेवतात. अशा खणाचे झाकण वाऱ्याने उडाले आणि लाट आत शिरली, तर बोटीचा तोल जातो. घराच्या दाराला चालणारी कडी इथे पुरत नाही. झाकण नुसते अडकून भागत नाही, ते रबराच्या पट्टीवर दाबून बसावे लागते.

या कामासाठी जी फिरती कडी निघाली तिची रचना साधी आहे. झाकणातल्या गोल भोकात एक दांडा असतो. वर बोटाने उचलायची कडी किंवा मूठ, खाली एक आडवी जीभ. मूठ फिरवली की जीभ चौकटीखाली सरकते आणि तिच्या उतारामुळे झाकण खाली ओढले जाते. ओढ किती हवी हे खालच्या नटवर ठरते. तुटते ती बहुधा जीभ किंवा मुठीची खीळ. स्वस्त कड्या जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात आणि त्यांवर क्रोमचा मुलामा असतो. मुलाम्याला बारीक चीर गेली की आतला धातू फुगून पांढरा भुगा होतो. प्लॅस्टिकची कडी उन्हाने ठिसूळ होऊन मोडते. पितळेचे दुखणे निराळे. खारे पाणी त्यातले जस्त हळूहळू काढून नेते, कडीला तांबूस छटा येते, आकार तसाच राहतो आणि एके दिवशी बिस्किटासारखा तुकडा पडतो. जुने खलाशी पितळ लाल पडले की ते बदलून टाकतात.

स्टेनलेस स्टील यावर उत्तर म्हणून आले, पण तेही पूर्ण उत्तर नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने 1913 मध्ये न गंजणारे पोलाद ओतले. त्याचे संरक्षण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर, आणि या थराला हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन लागतो. स्क्रूच्या माथ्याखाली, वॉशरच्या मागे साचलेल्या खाऱ्या पाण्यात तो पोहोचत नाही. वरून चकाकणारा स्क्रू काढायला जावे तर माथा हातात येतो आणि दांडा आत राहतो. म्हणून बोटीसाठी 304 पेक्षा 316 जातीचे स्टील घेतात. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि ते अशा फटीत जास्त तग धरते. झाकण अॅल्युमिनियमचे आणि स्क्रू स्टीलचा असेल तर ‘अलार्म’ची गोष्ट पुन्हा घडते, फक्त विरघळते ते अॅल्युमिनियम. त्यावरचा उपायही तोच आहे. दोघांच्या मध्ये नायलॉनचे वॉशर किंवा घट्ट ग्रीसचा थर, जो त्या तपकिरी कागदाचे काम करतो.

दोरीच्या जमान्यात दुरुस्ती करणारा आणि होडी चालवणारा एकच होता. खिळ्याने गावच्या लोहाराची आणि सुताराची गरज निर्माण केली. आजच्या कडीचा कारखाना दुसऱ्या देशात असतो आणि नमुना दर काही वर्षांनी बदलतो, त्यामुळे मोडलेल्या कडीची जोड मिळणे हीच पहिली अडचण. मुंबईत त्यासाठी दारूखान्याचा आधार असतो. तिथे मोडीत निघालेल्या जहाजांचे सामान मिळते आणि जवळच लेथवर दांडा कातून देणारेही बसलेले असतात. ते जमेपर्यंत बंदरावर झाकण नायलॉनच्या दोरीने बांधून काम चालते, आणि अशी बांधलेली झाकणे कोणत्याही धक्क्यावर दिसतात.

कडी बदलताना तीन मापे लागतात: झाकणातल्या भोकाचा व्यास, झाकण आणि चौकट मिळून होणारी जाडी, आणि दांड्यापासून जिभेच्या टोकापर्यंतचे अंतर. जुना नट अडकला असेल तर त्यावर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवतात, तरी निघाला नाही तर ड्रिलने काढतात. भोक मोठे झाले असेल किंवा झाकणाच्या आतला लाकडी गाभा ओला झाला असेल, तर नुसती नवी कडी बसवून काही होत नाही. ओला भाग खरवडून, वाळवून तिथे घट्ट केलेले इपॉक्सी भरायचे आणि ते सुकल्यावर नवे भोक पाडायचे. अशाने भोकाच्या कडेला इपॉक्सीची भिंत राहते आणि पाणी गाभ्यापर्यंत जात नाही. कडीखाली सीलंट लावून नट आधी हलकाच आवळतात, कारण एकदम आवळला तर सगळे सीलंट बाहेर येते. पूर्ण आवळायचा तो सीलंट धरल्यानंतर.

शेवटी ओढ जुळवतात. रबराच्या पट्टीवर वर्तमानपत्राची चिंधी ठेवून झाकण बंद करायचे आणि चिंधी ओढून पाहायची. ती अलगद निघाली तर जिभेचा नट थोडा वर घ्यायचा, फाटली तर ओढ बरोबर आहे. चारही बाजूंना असे पाहून झाले की झाकणावर पाण्याचा पाइप सोडतात आणि खण उघडून आत हात फिरवून ओल लागते का ते बघतात.